मास्तरांचा पश्चात्ताप

मास्तरांना "काय, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. दुसरा कोणी असता तर "बरं आहे" म्हणून पुढे गेला असता. मास्तर थांबायचे, छत्री बगलेत धरायचे, डोळे मिटून आपल्या प्रकृतीचा नीट विचार करायचे आणि मग सांगायचे, "डावा गुडघा सोडला तर बरं आहे. झोप मध्यम लागली. मन प्रसन्न आहे, पण का ते कळत नाही." तोवर विचारणाऱ्याची ट्राम निघून गेलेली असायची. ठाकूरद्वाराच्या नाक्यावर त्यांना लांबून पाहून रस्ता ओलांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा मास्तरांवर राग होता असं नाही, बिचाऱ्यांना कचेरी गाठायची असे.

मी तेव्हा राजापूरकडून नुकताच मुंबईत आलो होतो. गिरगावातल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत खालच्या वर्गांना शिकवायचो. मास्तर त्याच शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत. त्यांच्याच वाडीत, त्यांच्या बिऱ्हाडाला लागून असलेल्या खोलीत मी राहायचो आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवायचो. मास्तरांच्या पत्नीला मी वहिनी म्हणे. वहिनींच्या हातची आमटी माझ्या आईच्या आमटीपेक्षा सरस होती. आई आता नाही, म्हणून हे लिहायचा धीर होतो आहे.

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. हा त्यांचा सद्गुण होता असं लोक म्हणत, पण ते घरी नसताना. एकदा शेजारच्या बिऱ्हाडात बारसं होतं. सगळे पाळण्यात वाकून "कसं गोजिरवाणं!" म्हणून बाजूला होत होते. मास्तर वाकले ते वाकलेच राहिले. शेवटी मान वर करून म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही. नाक पुढे कसं वळतं ते बघावं लागेल." बाळाच्या आजीने त्यानंतर पावसाळाभर वहिनींकडे पाहिलं नाही. वहिनी मग कधी मेतकुटाचा डबा घेऊन, कधी बाळासाठी शिवलेलं टोपरं घेऊन त्यांच्या दाराशी जात राहिल्या आणि दिवाळीपर्यंत त्यांनी ती बाई पुन्हा बोलती केली. वहिनींचा अर्धा जन्म मास्तरांच्या खरेपणावर मलमपट्टी करण्यात गेला. उरलेला अर्धा बायकांच्या गोतावळ्यात. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याची बोच जर कुठे बुजत असेल तर ती दुपारी त्यांच्या ओट्यावर जमणाऱ्या बायकांत बुजत असे. कोणी वाती वळे, कोणी तांदूळ निवडी, आणि हसण्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येई.

मास्तरांचं दुसरं वेड म्हणजे चव. "मत द्यायचं तर चव घेऊन द्यावं," असं ते म्हणत, आणि ते अक्षरशः खरं करत. वर्गातली मुलं खडू खातात म्हणून हेडमास्तरांनी ओरडा केला, तेव्हा मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत एक खडू चावून खाल्ला. "थोडा गोडसर लागतो," ते म्हणाले, "मुलांचं म्हणणं अगदीच चूक नाही." घोड्यांना ट्राम ओढताना काय वाटत असेल, हे कळावं म्हणून एका रविवारी त्यांनी वाडीतल्या पाण्याच्या बैलगाडीला खांदा लावला. दुसऱ्या दिवसापासून ट्रामला जरा चढ लागला की मास्तर टुणकन खाली उतरत आणि घोड्यांच्या बरोबरीने चालू लागत. कंडक्टरांना त्यांची सवय झाली होती. ते घंटासुद्धा वाजवत नसत.

असा हा माणूस आमच्या व्यसननिषेध सभेचा चिटणीस होता. त्या सुमारास सरकारनेच भांग-गांजाची चौकशी चालवली होती, वर्तमानपत्रांतून वाद झडत होते, तेव्हा आमच्या ज्ञातीतले एक वकीलसाहेब अध्यक्ष झाले आणि वाडीत सभा निघाली. मास्तर रविवारी लालबागेत, परळात गिरणी कामगारांच्या चाळींसमोर जाऊन व्याख्यानं देत. कंदील मी धरायचो. व्याख्यान ठरलेलं होतं: नशा म्हणजे विष, बुद्धीचा नाश, कुळाचा नाश. लोक शांतपणे ऐकत, आणि व्याख्यान संपलं की आपापल्या चिलमीकडे जात.

एकदा लालबागेत एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, उठला. अंगाने आडवा, मालवणकडचा. अगदी आदराने त्याने विचारलं, "मास्तरानू, तुमी सोता कदी घेवन बघितलास काय?"

मास्तर म्हणाले, "नाही."

"बरां," जॉबर म्हणाला आणि खाली बसला. बस, एवढंच.  पण परतताना भायखळ्याच्या आसपास मास्तर मला म्हणाले, "मी इतकी वर्षं चव न घेता मत देतो आहे रे." त्यानंतर त्यांनी व्याख्यानं बंद ठेवली. वकीलसाहेबांनी विचारलं तर म्हणत, "तयारी अपुरी आहे."

पुढे योग असा आला की आमच्या शाळेत शिकलेल्या एका धनिक शेटच्या मुलाला विलायतेला एका परीक्षेसाठी जायचं होतं, आणि त्याला गणितात उभं करायला बरोबर कोणी तरी मास्तर हवा होता. मास्तर निघाले. समुद्र ओलांडणं म्हणजे तेव्हा धर्म बुडवणं होतं. पण जाऊन येणारे चार लोक झाले होते, त्यांनी परत आल्यावर प्रायश्चित्त घेतलं होतं आणि ज्ञातीने त्यांना पंक्तीत बसवून घेतलं होतं. ओलेत्याने शास्त्र्यांपुढे उभं राहायचं, "चुकलो, पश्चात्ताप झाला" म्हणायचं, पंचगव्य घ्यायचं, की संपलं. वहिनींनी एकच सांगितलं, "जाणं व्हावं. पण आल्यावर तेवढं प्रायश्चित्त घ्यावं." मास्तर म्हणाले, "घेईन की." वर्षाच्या आत ते परतलेही. गोरे झाले नव्हते की साहेबी टोपी घातली नव्हती. फक्त इंग्लंडातल्या बटाट्यांविषयी कोणी विचारलं की त्यांचा चेहरा पडत असे.

प्रायश्चित्ताचा दिवस ठरला. सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मास्तरांना आधी लालबागेत जायचं होतं. "त्या माणसाला उत्तर द्यायचं राहिलंय," ते म्हणाले. त्यांचं व्याख्यान ठरलं म्हणताच वकीलसाहेब अध्यक्षपद भूषवायला स्वतः आले. विलायतेहून आलेला चिटणीस, तेव्हा गर्दीही मोठी होती.

मास्तर उठले आणि त्यांनी जॉबरला शोधून काढलं. "तुम्ही मला विचारलं होतंत," ते म्हणाले. "आता ऐका."

मग त्यांनी पोर्ट सैदची हकिकत सांगितली. मी कित्येक व्याख्यानं ऐकली आहेत, दिली आहेत, पण इतकं मन लावून ऐकणारे लोक पुन्हा पाहिले नाहीत.

परतीच्या वाटेवर जहाज कोळसा भरायला पोर्ट सैदला थांबतं. कोळशाची धूळ इतकी उडते की उतारू सगळे गावात पळतात. शेटचा मुलगा झोपला होता. मास्तरांच्या ओळखीचा झालेला एक पारशी डॉक्टर त्यांना म्हणाला, "अरे मास्तर, इथे बसून कोळसा खायचा काय? चाल नी, जरा गाव बघू!" दोघे एका कॉफीच्या दुकानात गेले. तिथे पितळी तबकात हिरवट मिठाईच्या वड्या होत्या. डॉक्टर म्हणाला, "ही आपल्या भांगेची मोठी बहीण, समजला काय? तुला नेहमी चव घेऊन बोलायचा असते ना? घे."

"मी घेतली," मास्तर म्हणाले. अध्यक्षांच्या खुर्चीचा आवाज झाला.

"बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, उगाच बाऊ करतात. मग मला माझ्या पायांची आठवण झाली. ते फार लांब गेले होते. मी लालबागेत बसलो असेन तर ते ठाकूरद्वाराला. मला त्याचं हसू आलं. डॉक्टरलाही हसू आलं. आम्ही कशाला हसतो ते बघून दुकानदार हसला. समोर दिवा होता. त्याच्याभोवती एक वर्तुळ दिसलं. मी जन्मभर फळ्यावर वर्तुळं काढतो आहे, पण इतकं गोल वर्तुळ माझ्या हातून कधी निघालं नाही. ते बघून मी रडलो. दुःखाने नाही. इतकं चांगलं वर्तुळ जगात आहे म्हणून."

लोक हसत होते, पण कान टवकारून. मास्तर स्वतःच्याच नादात पुढे गेले. बाहेर एक गाढववाला भेटला. बंदरापर्यंत गाढवावरून चला म्हणाला. मास्तरांनी साफ नकार दिला. ते गाढवाच्या गळ्यात हात टाकून चालू लागले आणि वाटेत त्यांनी त्याला त्रिकोणाचा एक सिद्धान्त पहिल्यापासून समजावून दिला. "त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. आमच्या शाळेत असा एक वर्ग नाही." नंतर कोणी तरी हातावर खजूर ठेवला. "मी खजूर आधी खाल्ला होता. पण त्या रात्री कळलं की मी तो नुसताच गिळत होतो. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला माझा मामा वाटत होता. मला मामा नाही."

"मास्तर!" वकीलसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही.

जॉबरने विचारलं, "म्हंजे मजा इली?"

"आली," मास्तर म्हणाले. "फार आली. नाही म्हटलं तर खोटं होईल."

आता सगळे एकदम बोलू लागले. कोणी शिटी मारली. जॉबर उठून सगळ्यांना म्हणाला, "गप ऱ्हवा! आजपतुर जे इले ते इख इख म्हनान गेले. इख असता तर आमी कदीच मेलो असतो. ह्यो मानूस खरा बोलता. बोला मास्तरानू."

तेव्हा मास्तरांनी उरलेली गोष्ट सांगितली. वाटेतच आठवण होऊन ते आणि डॉक्टर विसरलेल्या टोप्या घ्यायला पुन्हा त्या दुकानात आले, तेव्हा आतल्या बाजूला चटईवर एक माणूस पडलेला होता. तो हळू आवाजात गुणगुणत होता, आणि ते शब्द मास्तरांना कळत होते. रत्नागिरीकडचा खलाशी होता. त्याचं जहाज त्याला सोडून कधीच गेलं होतं. नंतर आलेलंही गेलं होतं. मास्तरांनी विचारलं, "घरी जायचं नाही का?" तो गोड हसला. "जायाचा हाय की. उद्या जानार." कालही त्याने हेच सांगितलं होतं, आणि परवाही, असं दुकानदार खुणेने सांगत होता. मास्तरांनी आणि डॉक्टरने त्याला बखोट्याला धरून दारापर्यंत आणलं. दाराशी त्याने दोघांचे हात हलकेच सोडवले आणि तो पुन्हा आत जाऊन आडवा झाला. डोळ्यांत राग नाही, तोंडावर दुःख नाही. घरची माणसं कोण कोण आहेत, ते त्याला विचारलं तर तेही त्याने हसत हसत सांगितलं.

"त्याला तेच वर्तुळ दिसत होतं, जे मला दिसलं," मास्तर म्हणाले. "मला एका रात्री दिसलं, त्याला रोज दिसतं. आणि त्यापायी त्याचं घर, गाव, सगळं उद्यावर गेलंय. नशा वाईट असती तर तो तिथून उठला असता. ती चांगली आहे, म्हणून मला तिची भीती वाटते. मी पुन्हा घेणार नाही. घेऊ नका असं तुम्हालाही सांगतो. पण मजा नव्हती असं मात्र सांगणार नाही."

"तो इलो नाय मां मगे?" जॉबरने विचारलं. म्हणजे तो आलाच नाही का मग.

"नाही आला," मास्तर म्हणाले.

लोक उठले. एक-दोघांनी चिलमी खिशातून काढल्या आणि नुसत्या हातात धरून ठेवल्या. माझ्या मते त्या सभेचं ते एकमेव व्याख्यान, ज्याचा कोणावर काही परिणाम झाला. वकीलसाहेबांचं मत निराळं होतं. ट्राममध्ये ते कडाडले, "मास्तर, हा व्यसननिषेध झाला की त्या मिठाईची जाहिरात?"

मास्तरांनी विचार केला. "दोन्ही थोडं थोडं झालं," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी गिरगावभर झालं. चिटणीसपद गेलं, त्याचं मास्तरांना काही नव्हतं. हेडमास्तरांनी कानाडोळा केला, कारण गणिताला दुसरा माणूस मिळेना. पण वकीलसाहेबांनी ज्ञातीत ठरवून घेतलं: समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त नेहमीचंच, पण त्या रात्रीबद्दल मास्तरांनी शास्त्र्यांसमोर, आपल्या तोंडाने, मराठीत पश्चात्ताप सांगितला पाहिजे. तोवर ते पंक्तीबाहेर. मास्तरांना निरोप आला. त्यांनी उलट निरोप पाठवला की पश्चात्ताप झालेला नाही, झाला की कळवीन.

गंमत अशी की हा निकाल देणाऱ्यांपैकी निम्मे लोक महाशिवरात्रीला देवळामागे बसून भांग घोटत. त्यांत आमचे मोठे शास्त्रीबुवाही असत. त्यांना खोकल्यासाठी रोज अफूची बारीक गोळीही लागे, पण ते औषध होतं, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मास्तरांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "त्यांना कोणी विचारलं नाही रे, म्हणून ते बोलले नाहीत. मला विचारलं होतं."

बहिष्कार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भटजी येईना. न्हावी येईना, मग मास्तर स्वतःची हजामत स्वतः करू लागले आणि गालावर कापून घेऊ लागले. मी त्यांच्याकडे जेवतो म्हणून मलाही दोन-तीन घरांनी बोलावणं बंद केलं. मी काही सुधारक नव्हतो. पण आमटी सोडायची माझी तयारी नव्हती, तेव्हा पोटासाठी मी बहिष्कार पत्करला.

हे सगळं चालण्यासारखं होतं. चालेना ते वहिनींचं. ओट्यावर दुपारी कोणी येईनासं झालं. बायकांच्या मनात काही नव्हतं, पण घरच्या पुरुषांनी बजावलं होतं. वहिनी एकट्याच वाती वळत बसत. इतक्या वाती झाल्या की गिरगावातली सगळी देवळं उजळली असती. एक दिवस ताट वाढताना त्या मास्तरांना म्हणाल्या, "खोटं बोलायला मी सांगत नाही. पण जरा शोधून बघावं. थोडासा तरी पश्चात्ताप कुठे सापडेल."

मास्तरांनी हे फार मनावर घेतलं. ते खरोखरच शोधू लागले. संध्याकाळी चौपाटीवर वाळूत बसून ती रात्र पहिल्यापासून आठवत, आणि आठवता आठवता त्यांच्या चेहऱ्यावर हसू येई. मग स्वतःवरच चिडून उठत. घरी आले की वहिनी नुसत्या डोळ्यांनी विचारत. मास्तर म्हणत, "अजून नाही." जसं काही घरातली किल्ली हरवली होती.

"त्या खलाशाचं वाईट वाटतं की नाही?" मी सुचवून पाहिलं.

"वाटतं. पण ते त्याच्याबद्दलचं दुःख झालं. मी त्याला ओढला होता, तो आला नाही. माझ्या हातून काय चुकलं ते सांग, त्याचा पश्चात्ताप करतो."



चैत्र आला. वहिनींनी दरवर्षीप्रमाणे गौर बसवली. कैरीची डाळ वाटली, मोठ्या पातेल्यात पन्हं केलं, हरभरे भिजवले, दारात रांगोळी काढली आणि नवी चोळी घालून हळदीकुंकवाची तबकं घेऊन बसल्या. कोणी तरी येईल असं त्यांना वाटलं होतं. शेजारच्या बिऱ्हाडातली बारशाची आजी दारापर्यंत आली, तिच्या घरातून पुरुषाचा आवाज आला तशी परत फिरली. दिवेलागणी झाली तरी वहिनी तशाच बसलेल्या. मग त्या उठल्या आणि आम्हा दोघांना त्यांनी डाळ वाढली. ती डाळ आम्हाला संपेना. मास्तरांनी तीनदा मागून घेतली, मला वाटतं भूक नसताना. मी त्यांना त्याआधी कधी भूक नसताना जेवताना पाहिलं नव्हतं.

रात्री ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "अक्षय्य तृतीयेच्या आत प्रायश्चित्त घेतो, म्हणजे तिला हळदीकुंकू करता येईल. शास्त्रीबुवांना सांग."

"सापडला?"

"नाही. उभा राहतो आणि बघतो."

रामाच्या देवळात सभा भरली. सकाळची वेळ. समोर शास्त्रीबुवा, शेजारी वकीलसाहेब, मागे ज्ञातीतले पुरुष, आणि बाजूच्या खांबांमागे बायका. वहिनी सगळ्यांत कडेला बसल्या होत्या, त्यांच्या भोवती हातभर जागा मोकळी सोडून. मास्तर विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने उभे राहिले. वैशाखाच्या तोंडावर ओलेत्याने उभं राहणं ही काही शिक्षा नव्हती. शास्त्रीबुवाच बिचारे घामाघूम झाले होते आणि जेवणाच्या आत आटपावं अशी त्यांची इच्छा दिसत होती.

"समुद्र ओलांडला, तो अजाणता?"

"अजाणता कसा? मी पेटी भरून गेलो होतो."

"बरं, जाणूनबुजून. अभक्ष्य भक्षण?"

"बिस्किटं खाल्ली. त्यांत काय होतं ते ठाऊक नाही. पण त्यांचा पश्चात्ताप आहे. फार वाईट होती."

मागे कोणी तरी फस्सकन हसलं. वकीलसाहेबांनी मान वळवून पाहिलं. मग ते स्वतःच म्हणाले, "मुद्द्याचं बोला. पोर्ट सैदची रात्र."

 मास्तरांनी डोळे मिटले. मी इतक्या वेळा त्यांना तसे डोळे मिटताना पाहिलं होतं. मनातल्या मनात मी त्यांची मनधरणी करत होतो: म्हणा हो, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे, देव रागावणार नाही. वहिनींनी पदर तोंडाशी घट्ट धरला होता.

"दुकानात गेलो, त्याचा पश्चात्ताप नाही," मास्तर सावकाश म्हणाले. "वडी खाल्ली, त्याचा नाही. नाही तर मी त्या कामगारांपुढे जन्मभर न चाखलेलं बोलत राहिलो असतो. हसलो, रडलो, त्याचा नाही. गाढवाबरोबर चाललो, त्याचा तर नाहीच."

"म्हणजे कशाचाच नाही?" वकीलसाहेब म्हणाले. "शास्त्रीबुवा, ऐका."

"थांबा," मास्तर म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "बंदरावर आल्यावर गाढववाला गेला. डॉक्टर पायऱ्यांवर झोपला. पाण्यावर सगळ्या जहाजांचे दिवे होते, आणि प्रत्येक दिव्याभोवती ते वर्तुळ. मी बाजूला वळून म्हणालो, 'अगं, बघितलंस का?' बाजूला कोणी नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. खांबाकडे पाहिलं.

"तिला इथे एकटीला ठेवून मी असलं काही बघितलं, हे बरं केलं नाही. हे चुकलं. याचा पश्चात्ताप तेव्हाच झाला होता. मी तो आज ओळखला."

 शास्त्रीबुवा वकीलसाहेबांकडे, वकीलसाहेब शास्त्रीबुवांकडे पाहू लागले. शास्त्रात हा पश्चात्ताप बसतो की नाही, याचा विचार दोघांच्या चेहऱ्यांवर चाललेला दिसत होता. तेवढ्यात खांबामागून आवाज आला. पुरुषांच्या सभेत ज्यांचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता त्या वहिनींचा.

"झाला हो शास्त्रीबुवा, पश्चात्ताप झाला! आता उरका."

त्यावर बारशाची आजी हसली, आणि मग सगळ्या बायका. एवढं हसू ऐकल्यावर शास्त्रीबुवांना धीर आला. "त्या रात्रीबद्दल पश्चात्ताप हवा होता, तो त्या रात्रीबद्दलच आहे," असं म्हणून त्यांनी पंचगव्याची वाटी पुढे केली. वकीलसाहेब काही तरी पुटपुटले, पण पळी वाजली होती.

देवळातून आम्ही तिघे चालत घरी निघालो. मास्तर पुढे, वहिनी त्यांच्यामागे, मी सर्वांत मागे. ऊन चढलं होतं. वाडीच्या तोंडाशी वहिनी पावलं उचलून मास्तरांच्या बरोबरीला आल्या. भर रस्त्यात त्यांनी हे कधी केलेलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम मागे राहिलो, पण ऐकू येईल एवढाच.

"खरंच का," त्यांनी विचारलं, "मला तिथे नेणं झालं असतं?"

मास्तर थांबले, छत्री बगलेत धरली, विचार केला. "नेलं असतं. पण तू नाही म्हणाली असतीस."

वहिनींनी पदर सारखा केला आणि चालू लागल्या.

"मी नाही म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या.